वाचकांचे प्रश्न : नेसरीला पडलेले प्रतापराव वीर की बेशिस्त?

प्रश्न : नमस्कार. मी कराडची. आमच्या घरात दोन आठवडे एकाच विषयावर वाद चाललाय आणि आता जेवायला बसलं की कुणी कुणाशी धड बोलत नाही, म्हणून शेवटी तुम्हाला लिहितेय. माझा मुलगा आठवीत आहे. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी त्याने शिवाजी महाराजांचे सरनोबत, म्हणजे सेनापती, प्रतापराव गुजरांवर भाषण लिहिलं, नेसरीच्या खिंडीत सहा सोबत्यांना घेऊन बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण धारातीर्थी पडले, ते सगळं. घरात सगळ्यांसमोर म्हणून दाखवलं. माझे सासरे फौजेत होते, सुभेदार म्हणून रिटायर झालेत. भाषण संपल्यावर ते म्हणाले, बाळ छान म्हटलंस, पण याला वीर म्हणू नकोस, फौज मागे ठेवून सेनापती सहा माणसं घेऊन शत्रूत घुसतो ही बेशिस्त आहे, आमच्याकडे कुणी असं केलं आणि वाचला असता तर त्याचं कोर्ट मार्शल झालं असतं. पोरगं रडलं, माझे मिस्टर वडिलांवर भडकले. मला मात्र मामांजींचं बोलणं लागलंही आणि कुठेतरी पटलंही, कारण त्यांच्या कंपनीतली माणसं त्यांनी डोळ्यांसमोर गमावलीयत, ते उगाच बोलत नाहीत. खरं काय मानायचं?

उत्तर : ताई, आधी एक सांगतो, तुमच्या मामांजींना गप्प करू नका. त्यांनी विचारलेला प्रश्न खरा आहे आणि आपण मराठी माणसं तो विचारायला घाबरतो. आपल्याकडे पडलेल्या माणसाबद्दल प्रश्न विचारला की लगेच अपमान केला असं वाटतं लोकांना. पण त्यांचं उत्तर मला पूर्ण पटत नाही, आणि ते का ते जरा सविस्तर लिहितो कारण या गोष्टीत आपण सगळे शेवटचा एक तास तेवढा बघतो आणि आधीचं वर्ष विसरतो.

मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदांनी अवघ्या साठ माणसांनिशी पन्हाळा घेतला. तो परत घ्यायला विजापूरने बहलोलखानाला पाठवलं, हा म्हणजे अब्दुल करीम, विजापूर दरबारातल्या पठाण सरदारांचा म्होरक्या, साधासुधा माणूस नव्हे. एप्रिलमध्ये प्रतापरावांनी त्याला उमराणीला गाठलं, आत्ताच्या जत तालुक्यात. तो भाग कुणी एप्रिल-मेमध्ये पाहिला असेल तर सांगायला नको तिथं पाणी म्हणजे काय चीज आहे ते. प्रतापरावांनी खानाचं पाणीच तोडलं. माणसं, घोडी, हत्ती सगळे तहानेने व्याकुळ, आणि खान जेरीला येऊन शरण आला, मी हुकमाने आलो होतो, यापुढे तुमच्या राजाशी वैर धरणार नाही अशी गयावया केली आणि प्रतापरावांनी त्याला जाऊ दिलं.

इथे चूक झाली. मी ती झाकणार नाही. महाराज चिडले, सला (तह) का केला म्हणून जाब विचारला. पण ही चूक कशी झाली असेल तेही बघा. त्याच्या आदल्याच वर्षी, १६७२ मध्ये, बागलाणात साल्हेरला मोगलांची मोठी फौज मोकळ्या मैदानात मोडली होती, त्यात मोरोपंत पिंगळे आणि हेच प्रतापराव. गनिमी कावा नाही, समोरासमोर. त्या लढाईत इखलासखानासारखे मोगल सरदार जखमी होऊन हाती लागले आणि त्यांना नंतर सोडून दिलं गेलं. म्हणजे हाती आलेल्या शत्रूला जीवदान देणं ही आपल्याकडची रीतच होती, प्रतापरावांनी ती काही नव्याने शोधून काढली नाही. फरक एवढाच की साल्हेरला फौज आधी पुरती मोडली होती, उमराणीला खान त्याच्या फौजेसकट चालत घरी गेला. तिथे त्यांचा हिशोब चुकला. दगाबाजी अजिबात नव्हे, शब्दावर विश्वास ठेवला आणि समोरचा शब्दाचा निघाला नाही.

खान परत आला. आणि मग महाराजांचं ते पत्र. कृष्णाजी अनंत सभासदांच्या बखरीत, म्हणजे महाराजांच्या जुन्या चरित्रात, त्याचा मतलब आहे तो असा, हा घडोघडी येतो, त्याला बुडवून फत्ते करा नाहीतर तोंड दाखवू नका. ताई, मामांजींना एवढं विचारा, कमांडिंग ऑफिसरकडून असं पत्र हातात पडलं तर माणूस रात्री झोपेल का? आणि हा कमांडिंग ऑफिसर कोण, तर ज्याच्यासाठी हजारो माणसं जीव द्यायला तयार होती तो.

आता नेसरी. २४ फेब्रुवारी १६७४, महाशिवरात्र. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात जे चित्र आहे ते असं की प्रतापरावांना खान दिसला, रागाने भान सुटलं, मागे फौज आहे की नाही हे न बघता सहा जणांना घेऊन मरायलाच गेले. मामांजी याच चित्राला बेशिस्त म्हणतायत. चित्र खरं असेल तर त्यांचं म्हणणंही चूक नाही. पण ते चित्र कितपत खरं आहे?

या लढाईबद्दलचा जवळच्या काळातला एक कागद आहे. नारायण शेणवी म्हणून मुंबईच्या इंग्रजांचे दुभाषी होते, रायगडावर त्यांचं जाणंयेणं होतं. एप्रिल १६७४ मध्ये, म्हणजे घटनेला दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, त्यांनी कळवलंय की प्रतापराव दोन टेकड्यांमधल्या अरुंद वाटेत सहा घोडेस्वारांसह शिरले आणि बाकीच्या फौजेची पाठराखण मिळाली नाही म्हणून मारले गेले. परत वाचा. पाठराखण मिळाली नाही. म्हणजे फौज होती, मागे होती, ती पोचली नाही किंवा आली नाही. यात आत्महत्या कुठाय? आघाडीवर घोडा घालणारा सेनापती आहे, अरुंद वाट आहे आणि मागची तुकडी तुटलीय. हे तर कुठल्याही लढाईत होतं आणि मामांजींना ते माझ्यापेक्षा जास्त चांगलं माहीत असणार. सभासद तर सहा-सातचा आकडाच देत नाहीत, ते म्हणतात थोर युद्ध झालं आणि त्यात प्रतापराव तरवारेचे वार लागून पडले. (सभासदांनी ही बखर जिंजीला राजाराम महाराजांसाठी लिहिली आणि राजाराम महाराज प्रतापरावांचे जावई, तेव्हा ते जरा हात राखून लिहितील हे मला मान्य आहे. पण शेणवींना तसं करायचं काही कारण नव्हतं.)

मी नेसरीला दोनदा गेलोय. गडहिंग्लजहून जाता येतं, स्मारक आहे. दुसऱ्या वेळी मी स्मारकाकडे पाठ करून बराच वेळ नुसता उभा राहिलो, टेकड्यांकडे बघत, आणि मनात एवढंच येत होतं की पुढे नजर लावून घोडा दौडवणाऱ्या माणसाला मागचं दल किती मागे राहिलंय हे इथे कळलं तरी असतं का. टापांचा आवाज, धुरळा, आणि समोर ज्याच्यामुळे वर्षभर तोंड लपवायची वेळ आली तो माणूस.

तरीही सरनोबताने असं पुढे जायला नको होतं. हे मी मान्य करतो आणि तुमच्या मुलानेही करावं. शिर सलामत तर पगडी पचास हे महाराजांनी स्वतः करून दाखवलेलं, १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले दिले, माणसं वाचवली आणि पाच वर्षांत किल्ले परत घ्यायला सुरुवात केली. बाजीप्रभू १६६० मध्ये खिंडीत उभे राहिले तेव्हा मागे राजा विशाळगडाकडे चालला होता, त्यांच्या प्रत्येक घटकेला मोल होतं. नेसरीला तसं काही मिळालं नाही. खान जिवंत राहिला, सेनापती गेला. मामांजींच्या मनात हेच सलत असणार की अधिकारी पडला की त्याच्या मागच्या माणसांचे हाल होतात. फौज उधळली नाही याचं श्रेय आनंदरावांचं, त्यांनी दल सावरलं आणि मार्चमध्येच कानडी मुलखात घुसून संपगावची पेठ लुटली. त्यांचं नाव कुणाच्या भाषणात येत नाही, तुमच्या मुलाच्या भाषणात येऊ द्या. आणि प्रतापरावांच्या जागी सरनोबत झाले ते हंबीरराव मोहिते, तुमच्या शेजारच्या तळबीडचे. तेही पुढे १६८७ मध्ये वाईला लढाईतच पडले.

मग वीर म्हणायचं का? मी म्हणतो, आणि छातीवर हात ठेवून म्हणतो. खटाव तालुक्यातल्या भोसऱ्याचा कुडतोजी गुजर नावाचा माणूस, ज्याला प्रतापराव हा किताब त्याच्या तलवारीने मिळाला, ज्याने साल्हेर मारलं, ज्याने उमराणीला पाणी तोडून खानाला गुडघे टेकायला लावलं, त्याची सगळी कमाई एका चुकीच्या तहात आणि एका अरुंद वाटेत बुडाली असं मला नाही म्हणवत. त्यांची चूक सांगितली म्हणून वीरपण कमी होत नाही आणि वीर म्हटलं म्हणून चूक पुसली जात नाही, दोन्ही एकाच भाषणात मावतं, आठवीतल्या मुलालाही झेपतं.

आणि ज्यांना शिक्षा करायचा हक्क होता त्यांनी काय केलं ते बघा. सभासद लिहितात, प्रतापराव पडल्याची खबर आली तेव्हा महाराज फार कष्टी झाले आणि म्हणाले, 'आज एक बाजू पडली.' आणि पुढे हेही म्हणाले की आपणच लिहून पाठवलं होतं, फत्ते केल्याशिवाय तोंड दाखवू नये, त्याने तसंच केलं. आज्ञा मोडली, आततायीपणा केला असं एक अक्षर नाही. उलट त्या पत्राचं ओझं महाराजांनी स्वतःच्या खांद्यावर घेतलं. पुढे प्रतापरावांची मुलगी, जानकीबाई, सून करून घरात आणली. बेशिस्त अधिकाऱ्याच्या घराशी कुणी असं नातं जोडत नाही.

मामांजींना माझा नमस्कार सांगा. मुलाला म्हणावं, आजोबांना शेजारी बसवून भाषण परत लिही, सुरुवात साल्हेरपासून कर आणि उमराणीची चूक गाळू नकोस. तिथे पाणी कसं तोडलं असेल, मोर्चे कुठे लावले असतील, हे त्याला आजोबांइतकं नीट कुणी समजावू शकणार नाही.

प्रश्न : प्रतापरावांबरोबरच्या सहा जणांची नावं वेगवेगळ्या ठिकाणी वाचली. ती खरी मानायची का? (सांगलीहून एक वाचक)

उत्तर : नावं सांगितली जातात, त्यांतले काही सरदार त्या काळात होतेही. पण वर सांगितलेल्या शेणवींच्या पत्रात फक्त सहा घोडेस्वार एवढंच आहे आणि सभासदांकडे तेही नाही. म्हणून मी स्वतः नावं घेत नाही. पण त्या सहा जणांचा विचार मला प्रतापरावांपेक्षा जास्त अस्वस्थ करतो. तोंड दाखवू नका असं पत्र त्यांना कुणी लिहिलं नव्हतं. उमराणीचा ठपका त्यांच्यावर नव्हता. पुढचा घोडा सुटला आणि हे सहा घोडे त्याच्या मागे सुटले, बाकीचे मागे राहिले तेव्हाही हे थांबले नाहीत. कराडच्या त्या मुलाने वेळ उरला तर दोन वाक्यं त्यांच्यासाठी ठेवावीत, नावं न घेता.