लिंक्डइनवर खातं आहे, पण विचारत कुणी नाही

प्रश्न: मी खानापूरचा, बेळगावात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लिंक्डइनवर खातं काढून सहा महिने झाले, एकही निरोप नाही. काय चुकतंय?

उत्तर: बहुधा हेडलाइन, म्हणजे नावाखालची ओळ. नुसतं ‘स्टुडंट’ लिहिलं की शोधात तुम्ही गर्दीत हरवता. तिथे 220 अक्षरं मावतात. शाखा, वर्ष, येणारं सॉफ्टवेअर, हवं ते काम, सगळं इंग्रजीत लिहा. भरती करणारे त्याच शब्दांनी शोधतात. ‘हार्डवर्किंग’ कुणीच शोधत नाही!

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत पंधरा दिवस काढले असतील, तर ‘ट्रेनिंग घेतलं’ एवढ्यावर भागवू नका. कोणतं कास्टिंग, ब्लोहोल (कास्टिंगमधली हवेची छिद्रं) कशामुळे येत होते, तुम्ही काय मोजलं, ते आकड्यांसह मांडा. कारखान्याचं ड्रॉइंग मात्र परवानगीशिवाय टाकू नका.

ठिकाण बेळगावच ठेवा, पण ‘ओपन टू वर्क’ (काम हवंय हे कळवायची सोय) यामध्ये पुणे, कोल्हापूर, बेंगळुरू जोडा, नाहीतर ठिकाणाच्या चाळणीत नाव गळतं. मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी या भाषाही नोंदवा. सीमाभागातल्या मुलांना हे भांडवल वाटतच नाही.

खातं कॉलेजच्या ईमेलवर असेल तर आजच स्वतःचा ईमेल जोडून तो मुख्य करा. पदवीनंतर कॉलेजचा पत्ता बंद झाला, तर पासवर्ड बदलायचा कोड येणार कुठे?