बोटं बधिर होतायत, दोष मानेचा की मनगटाचा?

प्रश्न: डॉक्टर नमस्कार, मी ऐरोलीला राहते, वय ४४. रबाळे एमआयडीसीत पॅकिंगला आहे, दिवसभर टेप गनने बॉक्स सील करायचे, सहा वर्षं झाली. गेले चार महिने रात्री दोन-अडीचला उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की जरा बरं वाटतं. बसमध्ये दांडी धरली तरी तेच. जवळच्या डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे काढला, मणक्यातला गॅप कमी झालाय म्हणाले, बी-ट्वेल्वची इंजेक्शनं झाली, फरक शून्य. सुपरवायझर म्हणतो घरी कणीक मळून होतं हे, कंपनीचा काय संबंध. नोकरी सोडावी लागेल का?

उत्तर: ताई, सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, हात झटकला की बरं वाटतं ही. हे ऐकलं की आमचं लक्ष मानेवरून मनगटावर येतं. आज रात्री जाग आली की फक्त एवढं बघा, करंगळीत मुंग्या आहेत का? अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर पण करंगळी ठणठणीत, असं असेल तर कार्पल टनल सिंड्रोमचा संशय पक्का होत जातो. मनगटात एक अरुंद बोगदा असतो, त्यातून बोटं वाकवणारे नऊ स्नायूबंध आणि एक मिडियन नर्व्ह जाते, सूज आली की सकाळच्या ठाणे लोकलसारखी गत, आणि चेंगरते ती बिचारी नस.

एक्स-रेचं म्हणाल तर चाळिशीनंतर कोणाचाही काढा, काहीतरी झिजलेलं दिसतंच, त्यावरून मुंग्यांचं कारण ठरत नाही. मान वळवल्यावर खांद्यातून हातात कळ येत असेल तर मात्र मानेकडे बघायला हवं, कधीकधी दोन्ही एकत्रही असतात. ऑर्थोपेडिक किंवा न्यूरो डॉक्टरांकडे जा, ते मनगट मिनिटभर वाकवून ठेवायला सांगतील, नसेवर टिचक्या मारून बघतील, गरज वाटली तर नर्व्ह कंडक्शन टेस्ट, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी तपासणी. ती नॉर्मल आली म्हणून आजार नाहीच असं नसतं हं, सुरुवातीला तशी येऊ शकते. शुगर आणि थायरॉईड नक्की तपासा, डायबिटीस आणि कमी थायरॉईडमध्ये हा त्रास जास्त दिसतो.

आता सुपरवायझर. कणकेने भर पडत असेल, नाही म्हणत नाही, पण कणीक अर्धा तास आणि टेप गन आठ तास! जोर लावून पकडणं, तेच तेच करणं, मनगट वाकडं ठेवणं आणि ग्राइंडरसारख्या मशीनचा थरथराट, यांचा या आजाराशी संबंध चांगला दिसून आलाय. (कीबोर्डचा पुरावा त्यामानाने कच्चा आहे, नाव मात्र त्याचंच जास्त झालं.) आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१०च्या व्यावसायिक आजारांच्या यादीतही अशा कामामुळे होणारा कार्पल टनल आहे. तुमच्या बाबतीत कामच कारण आहे हे मी इथे बसून सांगू शकत नाही, पण तपासताना डॉक्टरांना दिवसाला किती बॉक्स, गन कशी धरता, सुट्टीच्या दिवशी त्रास कमी होतो का, हे सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. ईएसआयसीचं (कामगार विम्याचं) कार्ड असेल तर तिथेच दाखवा, खर्च वाचेल.

नोकरी लगेच सोडू नका. मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट रात्री सहा आठवडे लावा, घट्ट आवळू नका. कामात अधूनमधून लेबल लावणं वगैरे दुसरं काही मिळतंय का विचारा. तरी नाही भागलं तर मनगटात द्यायचं स्टिरॉइडचं इंजेक्शन आहे, मग छोटं ऑपरेशन. पण हातातून कप सुटायला लागला किंवा अंगठ्याखालचा उंचवटा बसलेला दिसला तर सहा आठवडे थांबू नका, त्याच आठवड्यात दाखवा.