घरी बांधलेला गिटार अ‍ॅम्प अर्ध्या आवाजाच्या वर शिट्टी मारतो, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की देवगडला घरीच एलएम३८६ या अ‍ॅम्प्लिफायर चिपचा अ‍ॅम्प बांधलात, मे महिन्यात छान वाजला, आणि आता आवाज अर्ध्याच्या वर नेला की शिट्टी मारतो. चिप बदलू नका. ती बिघडलेली असण्याची शक्यता फार कमी.

अर्ध्यापर्यंत गप्प आणि पुढे शिट्टी, यातच निदान आहे. आउटपुटचा थोडा सिग्नल व्हॉल्यूमच्या पॉटच्या (आवाज कमी-जास्त करायच्या गोल बटणाच्या) आधी कुठेतरी इनपुटला परत मिळतोय. आता गिटार काढा आणि जॅकची टिप आणि बाहेरचं ग्राउंड जॅकवरच तारेच्या तुकड्याने जोडा. शिट्टी थांबली तर इनपुटची वायर हवेतून आउटपुटचा सिग्नल ओढतेय. जॅक ते पॉट आणि पॉट ते चिप शील्डेड वायर (भोवती तारेची जाळी असलेली) टाका, जाळी एकाच टोकाला ग्राउंड करा, आणि स्पीकरच्या वायरी तिच्यापासून लांब न्या.

टिप ग्राउंडला जोडूनही शिट्टी चालू राहिली तर बहुधा ग्राउंडचा रस्ता चुकलाय. स्पीकरमध्ये अर्धा वॅट जात असेल तर ८ ओहमला पाव अँपिअर करंट वाहतो. वीतभर बारीक तारेचा रेझिस्टन्स साधारण ०.०२ ओहम, म्हणजे तिच्यावर ५ मिलिव्होल्ट पडतात. इनपुटचं ग्राउंड त्याच तारेवर असेल आणि गेन (चिप सिग्नल किती पट मोठा करते ते) २०० असेल, तर त्याचा १ व्होल्ट होऊन बाहेर येतो. हे आकडे पहिल्यांदा कागदावर मांडले तेव्हा मला ग्राउंडचं महत्त्व खरं कळलं. स्पीकरचं ग्राउंड आणि जॅकचं ग्राउंड वेगवेगळ्या तारांनी आणा आणि चिपच्या ४ नंबरच्या पिनजवळ एकाच जागी जोडा.

मे महिन्यात चालला आणि पावसात बिघडला, म्हणून एक गोष्ट खास सांगतो. मी मालवणला राहतो. माझाही एक अ‍ॅम्प जूनमध्ये असाच शिट्टी मारायला लागला आणि दोन संध्याकाळी मी कपॅसिटर बदलत बसलो. दोष जॅकमध्ये होता. खाऱ्या हवेने त्याची ग्राउंडची पट्टी हिरवी पडली होती, टेकतच नव्हती. शिवाय बोर्डावर सोल्डरिंगचा फ्लक्स (सोल्डर नीट चिकटवणारा चिकट पदार्थ) तसाच राहिला होता. तो दमट हवेत ओल धरतो आणि शेजारच्या पट्ट्यांमध्ये करंट झिरपायला लागतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन बोर्ड घासा, नीट वाळवा, जॅक नवीन घाला. तुमच्याकडे मी इथूनच सुरुवात करेन.

आवाज शिट्टीचा नसून मच्छीमारांच्या होडीसारखा फट्फट् असेल, तर तो प्रकार वेगळा. त्याला मोटरबोटिंगच म्हणतात. ९ व्होल्टची बॅटरी उतरली की असं होतं. पिन ६ आणि ४ मध्ये, अगदी चिपला चिकटून, ४७० मायक्रोफॅरडचा आणि सोबत ०.१ चा सिरॅमिक लावा, पिन ७ वरून ग्राउंडला १० चा.

पिन ५ वरून ग्राउंडला १० ओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरड सिरीजमध्ये हवेतच. ते नसतील तर कानाला न ऐकू येणारं ऑसिलेशनही होतं, म्हणजे चिप आपोआप सिग्नल काढत राहते. न वाजवताच चिप तापते आणि सूर फाटका येतो.

एवढं करूनही शिट्टी राहिली तर पिन १ आणि ८ मधला कपॅसिटर काढून बघा. गेन २०० चा २० होईल. शिट्टी गेली की त्या कपॅसिटरसोबत १.२ किलोओहम सिरीजमध्ये टाकून परत लावा, गेन ५० मिळेल. घरात वाजवायला तेवढा पुरतो.