कॅरिना तेजोमेघ दुर्बिणीतून राखाडीच का दिसतो?

८ इंची दुर्बिणीतून कॅरिना तेजोमेघ (दक्षिण आकाशातला वायू आणि धुळीचा मोठा ढग) फोटोसारखा गुलाबी न दिसता राखाडी, धूसर दिसतो, तर दुर्बिणीत दोष आहे का, असं तुम्ही विचारलंय. दुर्बीण ठणठणीत आहे. फोटोतला लाल रंग ६५६ नॅनोमीटरच्या हायड्रोजन-अल्फा प्रकाशाचा. डोळ्यातल्या, अंधारात कामाला येणाऱ्या दंडपेशींना तो जवळजवळ दिसतच नाही आणि रंग तर त्यांना मुळीच कळत नाहीत. कॅमेरा मिनिटंच्या मिनिटं प्रकाश साठवतो, डोळ्याला ती सोय नाही. (साध्या डीएसएलआरमध्येही सेन्सरपुढचा फिल्टर हा लाल बराचसा कापतो, म्हणून हौशी मंडळी तो काढून घेतात.)

मॅग्निफिकेशन वाढवू नका, बहुतेकांचं इथेच बिनसतं. मेघ सुमारे २ अंश पसरलाय. जितका मोठा कराल तितका फिका पडेल. तुमची दुर्बीण एफ/६ (म्हणजे नाभीय अंतर दुर्बिणीच्या व्यासाच्या ६ पट) असेल तर ३० मिमीचा आयपीस (डोळ्याकडचं भिंग) लावा. ४० पट मोठं दिसेल आणि बाहेर पडणारी प्रकाशशलाका ३० भागिले ६, म्हणजे ५ मिमी जाडीची असेल. सोबत ओ-थ्री फिल्टर घ्या. तो ऑक्सिजनचा ५०१ नॅनोमीटरचा प्रकाश सोडतो आणि दंडपेशी याच पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतात. तारे मंदावतात, पण मेघाला चिरणारा काळा, व्ही आकाराचा धुळीचा पट्टा उठून दिसतो. त्याआधी २०-३० मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या, मोबाइल खिशात. आणि नजर मेघाच्या किंचित बाजूला ठेवा.

उत्तर गोलार्धात खरी अडचण उंचीची. मेघाची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं कोनीय अंतर) उणे ६० अंश, म्हणून त्याची कमाल उंची ३० वजा तुमचा अक्षांश. २० अक्षांशावर जेमतेम १० अंश, आणि तिथे प्रकाशाला डोक्यावरच्यापेक्षा साडेपाचपट हवा पार करावी लागते. त्यामुळे तो याम्योत्तरावर, म्हणजे थेट दक्षिणेला सर्वांत उंच असतानाच बघा: एप्रिलच्या मध्यात रात्री ९च्या सुमारास. त्रिशंकू (सदर्न क्रॉस) तारकासमूहाच्या पश्चिमेला साधारण १३ अंशांवर सापडेल. मेघाच्याही पलीकडे, जवळपास तितक्याच अंतरावर, खोटा त्रिशंकू (तसाच दिसणारा ताऱ्यांचा क्रॉस) आहे. नवखे लोक त्यालाच खरा समजून भलतीकडे शोधत बसतात.

रंगच हवा असेल तर फिल्टर काढा आणि मेघातल्या ईटा कॅरिनी ताऱ्यावर १५०-२०० पट लावा. १८४३ साली हा तारा व्याधाच्या खालोखाल तेजस्वी झाला होता. त्या उद्रेकात बाहेर फेकलेलं द्रव्य आज ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना दोन इवल्या नारिंगी फुग्यांसारखं दिसतं. मेघ १० अंशांवरच असेल तर मात्र हा खटाटोप नको, हवेच्या थरथरीत दोन्ही फुगे एकच डाग होतात.