बीसीआयमध्ये (मेंदू थेट संगणकाला जोडणाऱ्या तंत्रात) नवीन असशील तर

डीकोडरच्या, म्हणजे सिग्नलवरून रुग्णाचा हेतू ओळखणाऱ्या प्रोग्रामच्या, मागे एवढ्यात लागू नकोस. आधी कच्चा सिग्नल बघ, तासन्‌तास. युटा अ‍ॅरे म्हणजे मेंदूत बसवायचा जेमतेम ४ बाय ४ मिलिमीटरचा तुकडा, त्यावर १०० सुया, लांबी एक-दीड मिलिमीटर. एक स्पाइक, म्हणजे न्यूरॉनचा (मेंदूतल्या चेतापेशीचा) विजेचा ठोका, मिलिसेकंदभराचा. रुग्णाने दात आवळले की स्नायूंचा गोंगाट त्यावर चढतो आणि सॉफ्टवेअर तोही खुशाल स्पाइक म्हणून मोजतं. तो तुझ्या नजरेला ओळखू यायला हवा.

एकाच दिवसाच्या डेटावर अचूकता छान आली म्हणून हुरळू नकोस. सोमवारी शिकवलेलं मॉडेल गुरुवारी चालवून बघ. बहुतेक वेळा तोंडावर आपटतं! मेंदू श्वासागणिक हलतो, सुईभोवती ग्लिअल (न्यूरॉनना आधार देणाऱ्या) पेशींचा व्रण धरतो, कालचा न्यूरॉन आज गायब. न्यूरालिंक या मेंदू-चिप बनवणाऱ्या कंपनीच्या २०२४ मधल्या पहिल्या रुग्णात तर इलेक्ट्रोडचे कित्येक धागे मेंदूतून मागे सरकले. अल्गोरिदम बदलला तेव्हा कुठे विचाराने हलवायचा कर्सर पुन्हा ताळ्यावर आला.

डेटा नाही म्हणून अडून बसू नकोस, डँडी आर्काइव्ह या खुल्या डेटासाठ्यावर माकडांच्या मोटर कॉर्टेक्सची (मेंदूच्या हालचाली चालवणाऱ्या भागाची) रेकॉर्डिंग्ज फुकट आहेत. गणित जमेल रे. पण संधी मिळाली तर प्रत्यक्ष सेशनला जाऊन बस. कॅलिब्रेशन (डीकोडर रुग्णाच्या सिग्नलशी जुळवणं) लांबलं की समोरचा माणूस किती थकतो, हे आलेखात दिसत नाही.