दस्तयेव्हस्कीनं अस्तित्ववादाला नेमकं काय दिलं?

तुमचा प्रश्न असा आहे की दस्तयेव्हस्की तर एकोणिसाव्या शतकातला रशियन कादंबरीकार, त्यानं तत्त्वज्ञानाचा एकही ग्रंथ लिहिला नाही. मग अस्तित्ववादाची, म्हणजे माणसाचं स्वातंत्र्य, निवड आणि जबाबदारी केंद्रस्थानी ठेवणाऱ्या विचाराची, चर्चा निघाली की त्याचं नाव सुरुवातीलाच का येतं?

एखादा विचार माणसानं खरोखर अंगी लावून घेतला तर त्याचं आणि त्याच्या आजूबाजूच्यांचं काय होतं, हे दस्तयेव्हस्की शेवटपर्यंत पाहत राहतो. मधेच सोडून देत नाही. माझ्या मते त्याचं योगदान इथंच आहे.

सुरुवात त्याच्या १८६४ च्या 'नोट्स फ्रॉम अंडरग्राउंड' या छोट्या कादंबरीपासून करावी लागते. त्याच्या आदल्याच वर्षी चेर्निशेव्हस्की या जहाल रशियन विचारवंताची 'काय करावं?' ही कादंबरी आली होती आणि रशियातली तरुण मंडळी तिनं भारावून गेली होती. माणसाला स्वतःचं खरं हित कळलं की तो आपोआप चांगला वागेल आणि विज्ञानाच्या पायावर सुखी समाज उभा राहील, अशी तिची धारणा. दस्तयेव्हस्कीचा नायक पीटर्सबर्गमधला चाळिशीतला, नोकरी सोडून कोपऱ्यात पडलेला कारकुनी पेशाचा माणूस. तो म्हणतो, माझ्या हिताचा तक्ता तुम्ही कितीही अचूक मांडा. त्यात माझी स्वतःची इच्छा कुठे आहे? दोन दुणे चार हे कबूल, पण ते म्हणजे जगणं नव्हे. आपण कुणीतरी वाजवायची पियानोची पट्टी नाही, एवढं सिद्ध करण्यासाठी माणूस मुद्दाम स्वतःचं नुकसानही करून घेईल. माणूस आधी असतो आणि आपण कोण ते नंतर स्वतःच्या निवडीतून घडवतो, असं फ्रेंच अस्तित्ववादी तत्त्वज्ञ सार्त्रनं पुढे मांडलं. त्या मांडणीची चाहूल मला इथं स्पष्ट ऐकू येते. तत्त्वज्ञानाचे अभ्यासक वॉल्टर कॉफमन यांनी १९५६ साली अस्तित्ववादी लेखनाचा संग्रह काढला, तेव्हा दस्तयेव्हस्कीला अस्तित्ववादी म्हणायला त्यांनी नकार दिला. पण 'नोट्स'चा पहिला भाग ही अस्तित्ववादाची सर्वांत उत्तम नांदी आहे, असंही लिहिलं.

मात्र बरेच जण पहिल्या भागावरच थांबतात आणि दुसरा भाग भराभर उरकतात. तसं करू नका. त्यात लिझा नावाची वेश्याव्यवसायात अडकलेली तरुण मुलगी आहे. हाच माणूस आधी तिला कळवळून उपदेश करतो. ती विश्वासानं घरी येते, तेव्हा तो तिचा अपमान करतो. तरीही तो किती दुःखी आहे हे ओळखून ती त्याला जवळ घेते, आणि ते त्याला सोसवत नाही. ती निघताना तो तिच्या मुठीत पैसे कोंबतो. ती गेल्यावर त्याला टेबलावर चुरगळलेली निळी पाच रुबलची नोट दिसते. पहिल्या भागात ज्या स्वातंत्र्यासाठी तो इतका भांडला, त्याचं त्यानं केलं काय, तर हे. कुणी त्याच्याकडून करवून घेतलेलं नाही. स्वातंत्र्याबरोबर येणारी जबाबदारी सार्त्रनं पुढे व्याख्यानात समजावली; इथं ती टेबलावर पडलेली आहे.

सार्त्रचा विषय निघालाच आहे. ऑक्टोबर १९४५ मधल्या पॅरिसच्या प्रसिद्ध व्याख्यानात त्यानं दस्तयेव्हस्कीच्या नावावर एक वाक्य सांगितलं: ईश्वर नसेल तर सगळंच चालेल. आणि इथूनच अस्तित्ववाद सुरू होतो, असं म्हटलं. हे वाक्य तेव्हापासून दस्तयेव्हस्कीचं मत म्हणून फिरतं, याचं मला खरंच वाईट वाटतं. त्याच्या 'द ब्रदर्स करमाझोव्ह' या कादंबरीत तो विचार इव्हानचा, म्हाताऱ्या करमाझोव्हच्या बुद्धिवादी मुलाचा, आहे आणि तो वेगवेगळ्या तोंडून, वेगवेगळ्या शब्दांत येतो. खरी गंमत पुढे आहे. स्मेर्द्याकोव्ह हा घरातला नोकर, बहुधा त्याच म्हाताऱ्याचा अनौरस मुलगा. तो हा विचार मनावर घेतो आणि म्हाताऱ्या करमाझोव्हचा खून करतो. शेवटच्या भेटीत तो इव्हानसमोर विजार वर ओढतो, लांब पांढऱ्या मोज्यात हात घालून चाचपडतो आणि नोटांची पुडकी बाहेर काढतो. तीन हजार रुबल. इव्हान भीतीनं भिंतीला टेकतो. स्मेर्द्याकोव्ह त्याला सांगतो, खरे खुनी तुम्ही, मी नुसता तुमचा हस्तक. सगळं चालतं, हे तुम्हीच तर मला शिकवलंत. त्याच रात्री तो गळफास घेतो आणि इव्हानचं डोकं फिरायला लागतं. कादंबरी त्या वाक्याचा पुरस्कार करत नाही, ते वाक्य माणसाच्या हाती पडल्यावर काय होतं ते दाखवते.

फ्रेंच लेखक कामूनं दस्तयेव्हस्कीला सार्त्रपेक्षा जास्त नीट वाचलं, असं मला वाटतं. १९३८ मध्ये अल्जिअर्सला त्यानं रंगमंचावर स्वतः इव्हानची भूमिका केली होती. 'द मिथ ऑफ सिसिफस' या आपल्या पुस्तकात त्यानं दस्तयेव्हस्कीच्या 'द पझेस्ड' कादंबरीतल्या किरिलोव्हवर लिहिलं. ईश्वर नाही, तर मीच ईश्वर, आणि हे सिद्ध करायला मी स्वतःचा जीव घेणार, असं म्हणणारा हा किरिलोव्ह. पुढे कामूच्याच १९५१ च्या 'द रिबेल'मध्ये पुन्हा इव्हान आला. त्याचा प्रश्न साधा आहे: एका जमीनदारानं आठ वर्षांच्या पोराच्या अंगावर आईदेखत शिकारी कुत्री सोडली, उद्या जगात सगळा मेळ बसणार असला, तरी त्या मेळाची किंमत म्हणून हे मी का मान्य करू? ईश्वराला नाकारत नाही, त्या मेळात शिरायचं त्याचं तिकीट तेवढं अदबीनं परत करतो, असं तो म्हणतो.

यामागे दस्तयेव्हस्कीचं आयुष्यही आहे. २२ डिसेंबर १८४९ ला, तेव्हाच्या रशियन दिनदर्शिकेप्रमाणे, त्याला पेत्राशेव्हस्की गट या बंदी घातलेल्या विचारांची चर्चा करणाऱ्या मंडळातल्या इतरांबरोबर गोळ्या घालण्यासाठी पीटर्सबर्गच्या मैदानात उभं केलं होतं. पहिले तिघं खांबाला बांधलेले, हा दुसऱ्या तुकडीत. ऐन वेळी झारची माफी वाचून दाखवली गेली. सगळा देखावा आधीच ठरलेला होता. मग सैबेरियात ओम्स्कला चार वर्षं सक्तमजुरी. त्याच्या 'द इडियट' या कादंबरीत नायक प्रिन्स मिश्किन अशाच एका माणसाची गोष्ट सांगतो: उरलेली पाच मिनिटं तो वाटून घेतो, दोन मित्रांच्या निरोपाला, दोन स्वतःविषयी विचार करायला, उरलेला वेळ आजूबाजूला पाहायला. मृत्यूसमोर एकेका क्षणाला येणारं वजन विसाव्या शतकातल्या तत्त्वज्ञांनी खूप मांडलं, पण इतक्या जवळून क्वचितच.

तरी त्याला अस्तित्ववादी म्हणू नये. तो श्रद्धावान ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होता. 'नोट्स'मध्ये श्रद्धेची आणि ख्रिस्ताची गरज जिथून निघत होती तोच भाग सेन्सॉरनं कापला, अशी तक्रार त्यानं भाऊ मिखाईलला पत्रातून केली होती. सार्त्र-कामूंनी त्याचे प्रश्न घेतले, उत्तर घेतलं नाही. आणि उत्तराबद्दल तोही निर्धास्त नव्हता. इव्हानच्या बंडाला त्याच कादंबरीतल्या फादर झोसिमा या वृद्ध साधूच्या प्रकरणांतून उत्तर द्यायचं त्यानं ठरवलं, पण ते पुरेसं होईल का या धास्तीत आहे, असं १८७९ मध्ये त्यानं पोबेदोनोस्त्सेव्ह या झारच्या दरबारातल्या वजनदार अधिकाऱ्याला कळवलं होतं.

वाचायला घ्यायचं तर 'करमाझोव्ह'मधलं पाचवं आणि सहावं पुस्तक (कादंबरीच्या भागांना तिथं पुस्तक म्हटलंय; पाचव्यात इव्हानचं बंड, सहाव्यात झोसिमा) सलग वाचा, मधे दुसरं काही न घेता. उत्तर पुरतं की नाही, ते तुम्हीच ठरवा. मला स्वतःला अजून इव्हानची बाजू जड वाटते.