मॅन्युअल गाड्या संपत चालल्यात, २० लाखांत पुण्यात मजा देणारी गाडी कोणती घ्यावी?

तुमच्या प्रश्नातलं मला जे कळलं ते असं, बजेट ऑन-रोड २० लाख, राहायला पुण्यात, आठवडाभर हिंजवडी आणि रविवारी पहाटे घाट, मिसेसना ऑटोमॅटिक हवीय, आणि तुम्हाला धाकधूक आहे की अजून दोन वर्षं थांबलो तर मॅन्युअल स्पोर्टी गाडी मिळणारच नाही. त्या हिशोबानेच उत्तर देतो.

आधी त्या भीतीबद्दल. मॅन्युअल सगळीकडून जात नाहीये, मधल्या मधे गायब होतंय. खालच्या गाड्यांत ते राहणार कारण बनवायला स्वस्त पडतं, स्विफ्ट-टियागो घेणाऱ्या माणसाला अजून बरीच वर्षं काळजी नाही. आणि गंमत म्हणजे अगदी वर, कोटीच्या आसपास, ते परत येतंय. २०२५ मध्ये बीएमडब्ल्यूने झेड४ एम४०आय भारतात मॅन्युअलमध्ये आणली आणि तिची किंमत ऑटोमॅटिकपेक्षा १ लाखाने जास्त ठेवली, म्हणजे ९६.९० लाखाची ऑटो आणि ९७.९० ची मॅन्युअल. आपण आयुष्यभर ऑटोमॅटिकला वरचे पैसे मोजत आलो, तिथे उलटी गंगा! पोर्शेचं पण तसंच झालं होतं, २०१३ ची ९११ जीटी३ त्यांनी फक्त पीडीके, म्हणजे त्यांच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये काढली, लोकांनी बोंबाबोंब केली, मग २०१६ ला मॅन्युअलवाली ९११ आर फक्त ९९१ गाड्यांपुरती आली आणि २०१७ पासून जीटी३ ला मॅन्युअलचा पर्याय परत दिला. म्हणजे श्रीमंतांनी मागितलं की मिळतं, आपण मागितलं की सेल्समन म्हणतो सर डिमांड नाहीये.

मार खातोय तो मधला माणूस. फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय २०२५ ला आली, ५३ लाख, फक्त डीएसजी, म्हणजे त्यांचा डबल क्लचवाला ऑटोमॅटिक. स्कोडाची ऑक्टेव्हिया आरएस त्याच वर्षी १०० गाड्यांपुरती आली, ५० लाखाला एक हजार कमी, ती पण फक्त डीएसजी. गोल्फ जीटीआयचं मॅन्युअल तर आता युरोप-अमेरिकेतच बंद झालंय, आपल्याकडे काय येणार. कारणं तुम्हाला माहीतच असतील, डबल क्लचवाला गिअरबॉक्स माणसापेक्षा फास्ट गिअर बदलतो, मायलेजच्या टेस्टमध्ये बरा आकडा देतो, ट्रॅफिकमध्ये स्वतः थांबून स्वतः निघणारा क्रूझ कंट्रोल मॅन्युअलवर जमत नाही, आणि विकत घेणाराच उरला नाही तर कंपनी दोन-दोन गिअरबॉक्सचं टेस्टिंग कशाला करत बसेल.

आता मुद्द्याचं. बहुतेक लोक अशा वेळी पॉवर बघून गाडी ठरवतात, १२० पेक्षा १५० बरी, १५० पेक्षा १६० बरी. पण तुम्हाला मॅन्युअल हवीय ती गिअर बदलण्याच्या मजेसाठी ना? मग इंजिन असं पाहिजे की ज्याला तुमच्या हाताची गरज पडते. आत्ताच्या टर्बो पेट्रोलचं काय होतं बघा, फोक्सवॅगन व्हर्टसच्या १.५ टीएसआयला २५० एनएम टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद आहे आणि ती १६०० आरपीएमपासून (इंजिनचे मिनिटाला फेरे) मिळते, ह्युंदाई व्हर्ना टर्बोला २५३ एनएम आणि १५०० पासून. ऐकायला भारी वाटतं, ओव्हरटेकला तर एक नंबर, पण ताम्हिणीत तिसऱ्या गिअरला टाकली की पार वरपर्यंत तिसऱ्यातच जाते, वळणावर दुसरा टाकला काय नि नाही टाकला काय, ती आपली ओढतेच. मग तो दांडा हातात असून करायचं काय?

मोठ्या गाड्यांत हे अजून वाढतं. पोर्शे केमन जीटी४ सारख्या गाडीचं मॅन्युअल जगात भारी मानतात, पण तिचा नुसता दुसरा गिअर १३० च्या पुढे जातो, आणि आपल्या घाटातल्या बोर्डावर लिहिलेलं असतं ४०. एक्स्प्रेस वेवर पण सपाटीला १०० आणि घाटात ६०, वर कॅमेरे. म्हणजे करोडोंची गाडी घेऊन माणूस दुसऱ्या गिअरातच घरी येणार.

म्हणून माझं मत थोडं वेगळं आहे आणि इथे बरेच जण माझ्यावर तुटून पडतील. ज्याला खरंच गिअरची आवड आहे त्याने होंडा सिटीची साधी पेट्रोल मॅन्युअल चालवून बघावी. हो, काकांची गाडी म्हणतात तीच. १.५ लीटर, टर्बो नाही, १२१ पीएस पण ते ६६०० आरपीएमला, आणि टॉर्क १४५ एनएम तो ४३०० ला. खाली ती आळशी आहे, एसी लावून चार माणसं बसवून चढावर तिसऱ्यात घातलीत तर तोंड पाडते. पण दुसऱ्यात टाकून ४५०० च्या वर ठेवली की आवाजच बदलतो, सहा गिअरचा दांडा छोट्या अंतरात खट खट पडतो, क्लच हलका, आणि पसरणीच्या घाटात वाईहून पाचगणीपर्यंत दुसरा-तिसरा-दुसरा करत जाताना स्पीड ५० च्या वर जात नाही तरी माणूस बिझी असतो. वाक्य लांबलं पण मजा नेमकी तीच आहे, की गाडी तुमच्यावर अवलंबून असते. मागे ड्रम ब्रेक आहेत, सस्पेन्शन कम्फर्टचं आहे, स्पोर्ट्स कार म्हणून मिरवता येणार नाही हे मान्य.

मिरवायचं पण असेल तर ह्युंदाईची आय२० एन लाइन बघा. सुरुवातीला २०२१ ला तिला तो विचित्र आयएमटी दिला होता, दांडा आहे पण क्लच पेडल नाही, म्हणजे ना धड इकडचं ना तिकडचं. २०२३ ला सरळ सहा गिअरचं मॅन्युअल आलं तेव्हा कुठे गाडीला अर्थ आला. १ लीटर टर्बो, १२० पीएस, चारही चाकांना डिस्क, सस्पेन्शन साध्या आय२० पेक्षा कडक, एक्झॉस्टला थोडा आवाज. टर्बो असली तरी इंजिन छोटं आहे त्यामुळे २००० च्या खाली ती मेलेली असते, मग आपोआप गिअर खेळवावे लागतात, जे आपल्याला पाहिजेच आहे. शिवाय ती ४ मीटरच्या आत आणि १२०० सीसीच्या आत बसते, म्हणजे सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के, तर सिटी, व्हर्टस, व्हर्ना सगळ्यांना ४०. त्यावर महाराष्ट्राचा रोड टॅक्स पेट्रोलला ११ ते १३ टक्के, तोही किमतीबरोबर वाढत जाणारा. हा फरक ऑन-रोडला इतका मोठा होतो की उरलेल्या पैशात चांगले टायर आणि ट्रॅक डे, म्हणजे रेसिंग ट्रॅकवर आपली गाडी पळवायचा दिवस, दोन्ही निघतं. पुण्याहून कोइंबतूरचा कारी ट्रॅक लांब आहे खरा पण जेमतेम २ किलोमीटरचा तो छोटा ट्रॅक असल्या गाडीला मापाचा आहे.

व्हर्टस आणि व्हर्ना वाईट आहेत असं अजिबात नाही. लांब पल्ल्याला, पुणे-बंगळुरू वगैरे, त्यांच्यासमोर सिटी आणि आय२० दोन्ही दमतात. दोघीत निवडायचं तर घाटासाठी व्हर्टस, स्टिअरिंग जास्त सरळ बोलतं आणि वळणात अंग कमी टाकते. व्हर्नाची पॉवर १६० पीएस आणि मागे डिस्क ब्रेक, सरळ रस्त्याला तीच पुढे. पण या दोन्हींत मी म्हणेन डीसीटी, म्हणजे डबल क्लचवाली ऑटोमॅटिक घेतलीत तरी फार गमावणार नाही, इंजिनच तसं आहे. फक्त ड्राय क्लचवाला डबल क्लच हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये ब्रेक सोडून सोडून रांगवायचा नाही, तापतो तो, पुढच्या गाडीला थोडं जाऊ द्यायचं मग एकदम हलायचं.

सेकंड हँडचा विचार असेल तर फियाटची अबार्थ पुंटो. आपल्या रांजणगावलाच बनायची, १४५ पीएस, २१२ एनएम, पाच गिअर, चारही डिस्क. स्टिअरिंग हायड्रॉलिक, त्याचा फील आत्ताच्या कुठल्याच गाडीत नाही राव. पण फियाटने २०१९ ला गाशा गुंडाळला, त्यामुळे घ्यायच्या आधी मेकॅनिक शोधायचा आणि मग गाडी, उलटं नाही. एकुलती एक गाडी म्हणून तर नकोच, पार्ट यायला पंधरा दिवस लागले तर ऑफिसला काय पीएमपीने जाणार? जुनी होंडा सिविक १.८ पण छान, पण चांगल्या अवस्थेतल्या गाड्यांचंसुद्धा वय बघा, १५ वर्षं झाली की आरटीओत रिन्यूअल करावं लागतं, ते डोक्यात धरूनच भाव करा.

टेस्ट ड्राइव्हचं नीट ऐका कारण इथेच लोक फसतात. शोरूमवाल्यांकडे टेस्टला बहुतेक वेळा ऑटोमॅटिकच असते, ते म्हणतात इंजिन सेम आहे सर, चालवून बघा. नाही ऐकायचं. मॅन्युअलच पाहिजे म्हणा, दुसऱ्या ब्रँचमधून मागवा म्हणा. मिळाली की आधी सीट अशी लावा की क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहील, काही गाड्यांत स्टिअरिंग पुढे-मागे होत नाही आणि उंच माणसाचा गुडघा आपटतो. मग संध्याकाळी सहाला मुद्दाम ट्रॅफिकमध्ये घाला. तासभर हाफ क्लचवर पाय भरून येत असेल तर घाटातली मजा महिन्याभरात विसराल. आणि एक गोष्ट फार कमी जण बघतात, तिसऱ्यातून चौथा टाकताना ॲक्सिलरेटर सोडला की आरपीएम पटकन पडतो का तसाच लटकून राहतो. बीएस ६ नंतरच्या बऱ्याच गाड्यांत प्रदूषणाच्या नियमांसाठी तो मुद्दाम हळू पाडतात, त्यामुळे भरभर गिअर टाकला की गाडी हिसका देते आणि आपल्यालाच वाटतं की आपला पाय चुकला. हा प्रकार दोन किलोमीटरच्या फेरीत कळत नाही, वीसेक मिनिटं तरी चालवा.

मिसेसच्या ऑटोमॅटिकचं म्हणाल तर माझा सल्ला असा की एकाच गाडीत दोघांचं समाधान करायला जाऊ नका. त्या रोज चालवणार असतील तर गाडी त्यांची, तिथे ऑटोमॅटिकच घ्या, भांडण नको, आणि उरलेल्या पैशात तुमच्यासाठी एखादी सेकंड हँड मॅन्युअल हॅचबॅक, ४-५ लाखात पोलो वगैरे मिळून जाते. पार्किंग एकच असेल आणि त्या कधीतरीच चालवणार असतील तर मॅन्युअल घ्या आणि वर म्हटलं तसं हलक्या क्लचची घ्या, त्यात सिटी परत पुढे येते. टेस्ट ड्राइव्हला त्यांनाही न्या, अर्धा रस्ता त्यांना चालवू द्या, बऱ्याचदा नकार मॅन्युअलला नसतो, आधीच्या गाडीच्या जड क्लचला असतो.

थांबायचं का, तर नाही. कंपन्या मॅन्युअल बंद करतात तेव्हा जाहिरात देत नाहीत, पुढच्या प्राइस लिस्टमधून तेवढी एक ओळ गळते. आणि साधारण टॉप व्हेरिअंटपासून गळायला सुरुवात होते, म्हणून ज्या व्हेरिअंटवर डोळा आहे तो मॅन्युअलमध्ये बुक होतोय का हे आजच फोन करून विचारा. होत असेल तर बुकिंगच्या फॉर्मवर मॅन्युअल असं लिहून घ्या, डिलिव्हरीच्या आधी गाडीचा चेसिस नंबर मागून कुठल्या महिन्यात बनलीय ते बघा, कारण मॅन्युअल कमी विकल्या जातात आणि यार्डात उन्हात सहा-आठ महिने उभी असलेली गाडी तुमच्या माथी मारली जाऊ शकते. तशी जुनी स्टॉकची असेल आणि तुम्हाला रंग चालत असेल तर मग डिस्काउंटसाठी बिनधास्त ताणा, त्यांनाही ती काढायचीच असते.